पेठ नाका ते मोहनवाडी

इस्लामपूरच्या एस.टी. स्टँडवर पहाटे साडेपाचला ओळखीचं माणूस भेटू नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करत मी आणि माझी धाकटी जाऊ उभ्या होतो. २०२५ साली राज्य सरकारनं गावाचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला, पण आमच्या तोंडात अजून इस्लामपूरच बसलेलं आहे, आणि इस्लामपुरात ओळखीचं माणूस भेटलं नाही असं कधी होतच नाही. त्या दिवशीही झालं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई भाजीची पाटी घेऊन समोरच आली.

"कुठं निघालासा बाई एवढ्या सकाळी?"

"पुण्याला. चुलत नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायचाय." मी बेधडक ठोकून दिलं. मुलांना रोज 'खरे बोलावे' शिकवणारी मी! धाकटीनं मान खाली घातली. आमच्या पिशवीत बस्त्याचे पैसे नव्हते. भाऊजींचे दोन सदरे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि लेकानं बाबांना लिहिलेली चिठ्ठी होती. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, तीन आठवड्यांपासून पुण्याला येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात होते, आणि आम्ही त्यांना भेटायला चाललो होतो.

मैत्रिणींनो, प्रवासवर्णन म्हटलं की तुम्हांला महाबळेश्वर नाहीतर काशी-रामेश्वर आठवेल. माझा हा प्रवास फक्त इस्लामपूर ते पुणे एवढाच आहे. पण तो करायला आमच्या घराला नऊ वर्षं लागली. भाऊजींना आणि धाकटीला विचारूनच मी हे लिहायला बसले आहे. "लिवा वैनी, पर त्या पुडीचंबी लिवा," असं भाऊजी हसत म्हणाले. तेव्हा पुडीचंही लिहिणार आहे.

गाडी पेठ नाक्यावर आली आणि मोठ्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमच्या भागात बाराही महिने हिरवं दिसतं, ती कृष्णामाईची कृपा. पण ह्या हिरव्या रंगाला दुसरीही एक बाजू आहे. उसाचं बिल जमा झालं की दुकानांत लुगडी खपतात, सोनाराकडे गर्दी होते आणि रस्त्याकडेच्या धाब्यांवरही मोटारसायकलींची रांग लागते. आमच्या भाऊजींची सुरुवात अशाच एका बिलाच्या पार्टीत झाली. मित्रांनी आग्रह केला, हे 'नाही' म्हणाले नाहीत. मग सणावारी, मग शनिवारी, मग रोज संध्याकाळी. शेवटी सकाळी तोंड धुण्याआधीच हात थरथरायला लागले आणि ती थरथर थांबवायला पुन्हा तीच बाटली.

आमचं घर काही तसलं नव्हे. आमचे आजेसासरे प्रतिसरकारच्या चळवळीत होते. क्रांतिसिंह नाना पाटील आमच्याच वाळवे तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. १९४३ ते १९४६ ह्या काळात सातारा जिल्ह्यात (तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता) गावोगाव प्रतिसरकारचा अंमल होता, आणि त्या काळात दारूबंदीची मोहीमही जोरात होती. आजेसासऱ्यांनी गुत्ते बंद पाडल्याच्या गोष्टी आमच्या घरात अजून अभिमानानं सांगतात. त्याच घरात नातू पिऊन ओट्यावर पडलेला! आत्याबाई म्हणायच्या, "कुणाचं पाप भोवलं?" आणि बोलता बोलता नजर धाकटीकडे वळायची. जणू नवऱ्याला सांभाळायचं शिक्षण तिच्या माहेरानं दिलंच नव्हतं.

कासेगाव मागं पडलं आणि कराडच्या अलीकडे धाकटीला डोळा लागला. तिच्या चेहऱ्याकडे बघत मी नऊ वर्षांचा हिशोब मांडत बसले.

काय नाही केलं आम्ही? शपथा घातल्या. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून वचन घेतलं. अंगारे आणले. दोन वर्षांपूर्वी आषाढीला भाऊजींनी पंढरपूरला माळ घातली, तेव्हा घरात दिवाळीच झाली. माळेनं सुटलेले कितीतरी लोक आपण पाहतो, आणि मी माळेला कमी लेखत नाही. आमचेही पाच महिने सुखाचे गेले. मग एका संध्याकाळी भाऊजींनी माळ काढून देवघरातल्या खिळ्याला अडकवली, पांडुरंगाला नमस्कार केला आणि बाहेर पडले. त्या नमस्कारानं मी कोड्यात पडले. माणसाला देवाची भीती आहे, लेकराची माया आहे, लाजही आहे, तरी पाय तिकडेच का वळतात?

ह्या सगळ्या वर्षांत आम्ही बायका एक काम मात्र न चुकता करत होतो, ते म्हणजे झाकपाक. दुकानाची किल्ली त्यांच्या नावानं मी पाठवायची, "बरं नाही त्यांना" असं धाकटीनं सांगायचं, धाब्याची उधारी माझ्या शिकवण्यांच्या पैशांतून गुपचूप फेडायची. आमच्या यजमानांना कळलं तर ते भावाला मारतील म्हणून त्यांच्यापासूनही लपवायचं. धाकटीचा दहा वर्षांचा लेक मोटारसायकलचं स्टँड लावल्याच्या आवाजावरून आज बाबा कसे आलेत ते ओळखायचा. आवाज चुकीचा आला की दप्तर उचलून माझ्या खोलीत यायचा आणि काही न बोलता पाढे लिहीत बसायचा.

आणि मग ती पुडी. एका छोट्या जाहिरातीत वाचलं होतं : 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.' मी बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी, मीच पैसे पाठवून ती मागवली. पाकिटावर काय घातलंय, किती द्यायचं, कुणाला देऊ नये, ह्यातलं एक अक्षर नव्हतं. धाकटीच्या हातात देऊन मी म्हटलं, "आमटीत घाल, चव लागत नाही."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी नेहमीप्रमाणे पिऊन आले आणि उंबऱ्यातच कोसळले. तोंड लालबुंद, छाती धाडधाड उडतेय, ओकाऱ्या थांबेनात, मग अंग गार पडायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात ह्यांना काही औषध दिलंत का?" धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. खरंच सांगते, दोन मिनिटं मी गप्प होते. बाहेर यजमान उभे होते, आत्याबाई उभ्या होत्या. मग धाकटीच रडत म्हणाली, "मी आमटीत घातलंय." ते ऐकून माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "तिनं नव्हे, मी आणलं."

डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले की अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये काय असेल सांगता येत नाही, पण लक्षणांवरून डायसल्फिरामसारखं औषध असावं. ते त्यांनी समजावून सांगितलं ते इथं देते, कारण कुठल्या तरी घरात आजही आमटीत काहीतरी पडत असेल. पोटात गेलेल्या दारूचं आपलं यकृत आधी एका विषारी पदार्थात आणि मग त्या विषाचं निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवून धरतं. गुऱ्हाळात चरक चालू राहिला आणि काहील भरून वाहायला लागली तर कसं होईल, तसं ते विष अंगात तुंबतं. ह्या औषधाचा हा गुण डेन्मार्कमधल्या संशोधकांना १९४०च्या दशकात समजला, आणि ते चांगलं औषधही आहे. पण कुणासाठी? ज्याला सगळं माहीत आहे, ज्यानं स्वतः कबूल केलंय, ज्याचं हृदय आणि यकृत डॉक्टरांनी तपासलंय त्याच्यासाठी. "आज प्यालो तर त्रास होईल" हे ठाऊक असणं हाच त्यातला अर्धा उपाय. नकळत दिलं तर तो नुसता विषप्रयोग, माणूस दगावूही शकतो.

दवाखान्यात दुसरंही एक शिकायला मिळालं. दारू बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी भाऊजींना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या. घामानं अंथरूण भिजलं, हात लटलट कापायला लागले, आत्याबाईंना ते ओळखेनात. आत्याबाई म्हणाल्या, बाहेरचं झालं. डॉक्टर म्हणाले, "बाहेरचं नाही, हे आतलंच आहे." रोज दारू पोचली की मेंदूला सतत ब्रेक लावल्यासारखं होतं. मग मेंदूही जास्त जोर लावून गाडा ओढायला शिकतो. दारू एकदम बंद झाली की ब्रेक सुटतो, पण जोर तसाच राहतो. उतारावर जुंपलेले बैल उधळावेत तसं होतं. फिट येऊ शकते, भ्रम होतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जिवावरही बेततं. हा धोका साधारणपणे शेवटच्या पेल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत जास्त असतो. तेव्हा खूप वर्षं रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून 'बघू कशी सुटत नाही' म्हणणं हा शहाणपणा नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून औषधं देऊन, बी-१ जीवनसत्त्व देऊन ते दिवस पार करायचे असतात.

त्या आजारातून उठल्यावर भाऊजी पहिल्यांदा स्वतः म्हणाले, "वैनी, मला कुठंतरी घेऊन चला."

विचार करता करता सातारा आलं. अजिंक्यताऱ्यावर ऊन पडलं होतं. खरं तर सातारला आम्हांला जवळ पडलं असतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी तिथं 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीची संस्था उभी केली. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉक्टर म्हणून त्यांना सगळे ओळखतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांचं व्यसनमुक्तीचं काम मात्र पुष्कळांना माहीत नसतं, आणि ते काम सुरू राहिलं आहे. पण धाकटीचं माहेर सातारा तालुक्यातलं. "सातारला नको वैनी, उद्याच्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी होईल," असं ती म्हणाली, म्हणून आम्ही पुणे गाठलं. आता वाटतं, केवढी ही लाज! पडसं झालं तर गावभर सांगतो, आणि असल्या आजारासाठी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर लांब जातो.

खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरली आणि धाकटी जागी झाली. "आलं का पुणं?" "अजून वेळ आहे गं." तिनं चिठ्ठी पिशवीत आहे का ते पुन्हा चाचपून पाहिलं.

स्वारगेटला उतरून रिक्षा केली. बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्याच्या बाजूला, आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत मुक्तांगण आहे. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं, उंच भिंती असतील, गजांच्या खिडक्या असतील. पण येरवड्याचा तुरुंग वेगळा आणि हे वेगळं. इथल्या उपचाराचा पायाच माणसाच्या राजीखुशीवर घातलेला आहे. इथं दाखल झालेल्यांना 'रुग्णमित्र' म्हणतात. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या गल्लीत त्यांच्यासाठी कुठला शब्द होता ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ह्या घराची गोष्ट आपण बायकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावी अशी आहे, कारण ती एका बाईनं उभी केली. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईत 'गर्द' नावाच्या विषारी पुडीचा धुमाकूळ सुरू झाला. चांगल्या घरातली कोवळी पोरं त्यात ओढली जाऊ लागली. अनिल अवचट हे स्वतः डॉक्टर, पण लेखक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी ह्या पोरांमध्ये हिंडून त्यावर लेख लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्या लेखांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हेलावून गेले. अशा मुलांसाठी काहीतरी करा, असं म्हणून त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारातल्याच एका इमारतीत मुक्तांगण सुरू झालं. पुढं ते स्वतःच्या वास्तूत आलं. अनिताबाई १९९७ साली कर्करोगानं गेल्या, आणि कामाची धुरा लेकीनं, मुक्ता पुणतांबेकर यांनी, उचलली. अनिल अवचट जानेवारी २०२२मध्ये गेले. त्यांचं 'मुक्तांगणची गोष्ट' हे पुस्तक वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. सुरुवात गर्दपासून झाली, पण आता तिथं दारूचे रुग्णच पुष्कळ असतात.

उपचार पस्तीस दिवसांचा. आधी शरीरातलं विष उतरेपर्यंत औषधं. मग योगासनं, कामं, गटात बसून बोलणं, समुपदेशकाशी एकट्यानं बोलणं. तिथं काम करणाऱ्यांत पूर्वी स्वतः व्यसनात बुडालेली माणसंही पुष्कळ आहेत. त्यामुळे भाऊजींच्या थापा तिथं चालल्या नाहीत. ते म्हणाले, "वैनी, मी तोंड उघडायच्या आधीच त्यांना पुढचं माहीत असतंय. त्यांनीबी त्याच थापा मारल्यात."

आपलं दुखणं भोगलेल्या माणसाकडून धडा घेण्याची ही रीत तशी जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी एक शेअर-दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूनं उद्ध्वस्त झालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि दोघंही सावरले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही चळवळ निघाली. तिथं फी नाही, नाव-गाव कुणी विचारत नाही. जन्मभराची शपथ घ्यायची नाही, फक्त आजचा दिवस प्यायची नाही. आपल्या महाराष्ट्रात त्यांचे गट आहेत, आमच्या सांगली-कोल्हापूरकडेही आहेत. नऊ वर्षं आम्ही जन्मभराच्या शपथा घालत होतो. एवढं ओझं कुणाला उचलणार?

दुपारी आम्ही घरच्या बायका एकत्र बसलो. अशा बायकांसाठी मुक्तांगणचा 'सहचरी' नावाचा गटही आहे. कुणी बार्शीकडची, कुणी नाशिककडची, एक मोठ्या कंपनीतली अधिकारी, एक घरकाम करणारी. मला आधी वाटलं, आपण ह्यांच्यात कशाला? पण अर्ध्या तासात कळलं की आम्ही सगळ्या एकाच शाळेतल्या. उधारी सगळ्यांनीच फेडली होती. "बरं नाही त्यांना" हे वाक्य सगळ्यांनीच पाठ केलं होतं. मी पुडीची हकीकत सांगितली आणि लाजेनं गप्प बसले, तर समोरच्या दोघींनी हात वर केले. त्यांनीही घातली होती, एकीनं चहात, एकीनं भाकरीच्या पिठात.

तिथं जे ऐकलं त्याचं सार माझ्या भाषेत सांगते. व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. मधुमेहासारखाच तो ताब्यात ठेवता येतो, पण 'आता बरा झालोय, एक पेला चालेल' असं कधीच होत नाही. आजार आहे म्हणून माणसाची जबाबदारी संपत नाही. मधुमेह झाला हा दोष नव्हे, पण पथ्य ज्याचं त्यानंच पाळायचं असतं. आणि बायकोनं हे लक्षात ठेवायचं की तिनं व्यसन लावलेलं नाही, आणि तिच्या रडण्यानं किंवा उपासानं ते सुटणारही नाही. हे ऐकल्यावर धाकटी ढसढसा रडली. नऊ वर्षांत तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

मग भाऊजी भेटले. दाढी केलेली, डोळे स्वच्छ, अंगावर थोडं मांस धरलेलं. लेकाची चिठ्ठी त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही. लाडवाचा डबा हातात घेऊन ते धाकटीला म्हणाले, "तू जेवलीस का?" साधंच वाक्य. पण परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत धाकटी तेवढंच आठवत होती. "वैनी, त्यांनी इचारलं बगा, जेवलीस का म्हणून."

इथं गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण खरं सांगायचं ठरवलंय. पस्तीस दिवसांनी भाऊजी घरी आले, आणि चौथ्या महिन्यात घसरले. आमच्या संभूआप्पा-बुवाफनच्या उरुसात जुने मित्र भेटले. रात्री अकराला मोटारसायकलचं स्टँड लागलं आणि लेक दप्तर घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

ह्या वेळी मात्र आम्ही वेगळ्या वागलो. रात्री कुणी तोंड उघडलं नाही, कारण प्यालेल्या माणसाशी वाद म्हणजे वाऱ्याशी वाद. आत्याबाईंनाही मी खोलीत नेऊन बसवलं. सकाळी चहा झाल्यावर धाकटीनंच शांतपणे सांगितलं, "काल तुम्ही पिऊन आलासा. मी कुणाला खोटं सांगणार न्हाई. धाब्याची उधारी तुमची तुम्ही बघा. पुण्याला फोन मी लावते, बोलायचं तुम्ही." भाऊजी बराच वेळ खाली बघत बसले, मग त्यांनी फोन हातात घेतला. घसरणं हे ह्या आजारात पुष्कळांना होतं. त्यानं सगळं पाण्यात गेलं असं नव्हे, पण लगेच उठलं पाहिजे. डॉक्टरांनी पुन्हा तपासून ओढ कमी करणारी गोळी सुरू केली. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आता मिळतात, अर्थात डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. ह्या वेळी भाऊजी ती स्वतःच्या हातानं, सगळ्यांसमोर, पाण्याबरोबर घेतात. आमटीतून नव्हे.

ह्या गोष्टीला आता दहा महिने झाले. अकराव्याचं मी काही सांगत नाही, आजचा दिवस चांगला आहे.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणाच्या घरात हे असेल तर माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते. नकळत कुठलंही औषध देऊ नका. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, आधी डॉक्टर गाठा. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचा विभाग असतो. उधारी फेडू नका आणि त्यांच्यासाठी खोटं बोलू नका, कारण त्यानं आजाराला सावली मिळते. मुलांना खरं सांगा : बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही. आणि मारहाण होत असेल तर आजाराच्या नावाखाली ती सोसू नका. आधी स्वतःला आणि लेकरांना सुरक्षित जागी न्या, मग उपचाराचं बघा. कुठं जावं कळत नसेल तर सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आहे, मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ आहे. दोन्ही नंबर मी आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवले आहेत.

दुकान बंद करायचं असेल तर तीही वाट आपल्या राज्यात आहे. ठराविक संख्येनं बायकांनी सह्या करून मागणी केली की मतदान होतं, आणि नियमाप्रमाणे पुरेशी मतं 'आडव्या बाटली'ला पडली की दुकानाला कुलूप लागतं. ते जरूर करावं. पण दुकान बंद झालं तरी आजारी माणूस शेजारच्या गावाची वाट धरतो, हेही आम्ही पाहिलं आहे. दोन्ही कामं हवीत.

गेल्या महिन्यात मुक्तांगणच्या पुढच्या भेटीसाठी आम्ही तिघं पहाटे स्टँडवर उभे होतो. भाजीची पाटी घेऊन तीच बाई पुन्हा समोर आली.

"आज कुठं बाई? लग्न पार पडलं न्हवं?"

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "लग्नबिग्न काही नव्हतं हो. येरवड्याला मुक्तांगणला चाललोय. भाऊजींची दारू सोडवायला गेलो होतो तिथं."

तिनं पाटी खाली ठेवली. काही बोलली नाही, गाडी लागली आणि आम्ही चढलो. दोन दिवसांनी संध्याकाळी ती माझ्या मागच्या दारी आली, मेथीच्या दोन जुड्या पदराखाली घेऊन. पैसे घेईना. बराच वेळ मुलीच्या अभ्यासाचं विचारत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, ते पुण्याचं ठिकाण कागदावर लिवून द्याल का?"

मी कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.